विद्यापीठात गाडी आणायची की खडकीहून सायकल?

आमच्या डिपार्टमेंटला एमएला प्रवेश घेणाऱ्या लातूरच्या एका मुलाचा मागच्या आठवड्यात फोन आला. पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीला कॉट बेसिसवर खोली मिळाली आहे, घरची स्कूटर रेल्वे पार्सलने पाठवायला वडील तयार आहेत. "दादा, पाठवायला सांगू का?" एवढंच त्याला विचारायचं होतं. फोनवर मी त्याला धड उत्तर दिलं नाही, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मी 2017 पासून जातो-येतो आहे. लॉकडाऊनचा काळ सोडला तर त्यातली बरीच वर्षं दुचाकीवर गेली आणि 2025च्या पावसाळ्यापासून मेट्रो आणि सायकल. राहायला मीही कासारवाडीलाच. त्यामुळे खाली जे लिहितो ते या बाजूने येणाऱ्याचं आहे. बावधन किंवा सूसहून येणाऱ्याचा हिशोब वेगळा निघेल.

आधी दुचाकीबद्दल, कारण तिने मला खूप साथ दिली आहे. जयकर ग्रंथालयातून उशिरा बाहेर पडलात तरी घरी कसं जायचं हा प्रश्न नसतो. एखादं लेक्चर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटला असलं तर सगळे बसची वाट बघत असताना तुम्ही पोचलेले असता. घरून फोन आला की पंधरा मिनिटांत निघता येतं. संध्याकाळी क्लासवर शिकवायला जाणाऱ्या किंवा अर्धवेळ नोकरी करणाऱ्या मुलामुलींना गाडीशिवाय जमतच नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या बॅचच्या दोन मैत्रिणी रात्री गाडीवरच जायच्या आणि त्याचं कारण त्यांना कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर पुढचं वाचा, पण गाडी आणा.

पैशांवरून हा प्रश्न सुटेल असं सुरुवातीला मला वाटायचं. तो सुटत नाही. कासारवाडीहून औंधमार्गे विद्यापीठ जाऊन-येऊन सोळा किलोमीटरच्या आसपास पडतं. महिन्याचे बावीस दिवस धरले, गाडी लिटरला पंचेचाळीस देते असं धरलं आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे हे लक्षात घेतलं, तर सव्वाआठशे-साडेआठशे रुपये होतात. पीएमपीएमएलच्या बसचं तिकीट 2025च्या जूनमध्ये वाढलं, पण विद्यार्थ्यांचा मासिक पास 750 रुपयांवरच राहिला. मेट्रोच्या विद्यार्थी कार्डावर 30 टक्के सूट मिळते. सर्व्हिसिंग, विमा, टायर हे मिळवलं तर गाडी महाग पडते हे खरं, पण गाडी घरची असेल तर तो खर्च तसाही घरातून होतच असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी कुणी आपली सवय बदलत नाही. मीही बदलली नव्हती.

चौकाचंही असंच. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल 2020च्या जुलैमध्ये पाडला. औंध, बाणेर, पाषाण आणि गणेशखिंड एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यांच्या मधोमध खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर हिंजवडीची मेट्रो असं दुमजली बांधकाम उभं राहत होतं. ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना औंधच्या ब्रेमेन चौकापासून पुढे पाय टेकत-टेकत जाणं म्हणजे काय ते माहीत आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये औंधकडून शिवाजीनगरला जाणारी बाजू सुरू झाली आणि सरळ जाणाऱ्यांची सोय झाली. आपल्याला मात्र विद्यापीठातच वळायचं असतं, त्यामुळे आपण खालीच. तरीही सांगतो, चौकामुळे मी गाडी सोडली नाही. चौकात अडकण्याची सवय होते.

सवय झाली नाही ती गाडी काढण्याची.

ज्यांनी रोज गर्दीच्या पार्किंगमध्ये दुचाकी लावली आहे त्यांना हे लगेच कळेल. सकाळी दहाला लावताना जागा बरी असते. साडेअकरापर्यंत दोन गाड्यांच्या फटीत तिसरी घुसते, मागे आडवी चौथी लागते. दुपारी बाहेर यावं तर आपलं हँडल शेजारच्या आरशात अडकलेलं आणि मागच्या गाडीला हँडल लॉक. मग एक गाडी मागचं चाक उचलून सरकवायची, दुसरी साइड स्टँडवरून सरळ करून डबल स्टँडवर घ्यायची, तेवढ्यात तिसरी कलायला लागते तिला गुडघ्याने थोपवायचं. हे उन्हात, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन आणि बहुतेक वेळा घाईत. मे महिन्यात सीट इतकी तापते की रुमाल टाकल्याशिवाय बसवत नाही. पावसाळ्यात डबल स्टँड चिखलात रुततो आणि गाडी बाहेर ओढताना बूट भरतात.

यात हँडल लॉकचा पेच तर सुटतच नाही. लॉक केलं तर आपल्यामुळे चार जण अडकतात आणि टाकीवर चिठ्ठी किंवा ओरखडा ठेवून जातात. लॉक नाही केलं तर ज्याला स्वतःची गाडी काढायची असते तो आपली गाडी कुठेही नेऊन उभी करतो. मी लॉक न करणाऱ्यांपैकी होतो, कारण दुसऱ्याची अडचण करायची नाही अशी घरची शिकवण. 2025च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वडिलांची डॉक्टरकडे साडेसहाची वेळ होती. साडेपाचला खाली आलो तर गाडी जागेवर नाही. त्या रांगेत दोनदा फिरलो, पुढच्या रांगेत गेलो, झाडांमागे पाहिलं. चोरीला गेली असंच वाटलं. आरसी बुक घरी कुठे ठेवलंय ते आठवायला लागलो. पाऊण तासाने ती सापडली, दोन रांगा पलीकडे, एका कारच्या मागे, डावा आरसा तुटलेला. कुणीतरी सरकवली असणार, त्याच्यानंतरच्याने अजून पुढे सरकवली असणार. कुणाचाही वाईट हेतू नसणार, हेही मला कळतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. वडील काही बोलले नाहीत. पण परत येताना गाडीवर मागे बसून ते खांद्याला धरतात तसा त्यांनी खांदा धरला होता, आणि मला सारखं तेच वाटत राहिलं की ज्या गाडीच्या भरवशावर मी त्यांना वेळ दिली होती तिनेच ती वेळ घालवली.

एका संध्याकाळवरून निष्कर्ष काढू नये हे मान्य. तरी त्यानंतर मी रोज बघायला लागलो. गाडी लावणं आणि काढणं मिळून दिवसाची वीस-पंचवीस मिनिटं जातात असा माझा अंदाज आहे. घड्याळ लावून मोजलेलं नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे आवारात हिंडतानासुद्धा गाडी बरोबर घ्यावीशी वाटते. विद्यापीठ 411 एकरांत पसरलं आहे. डिपार्टमेंटहून जयकर, जयकरहून अनिकेत कॅन्टीन, तिथून मेन बिल्डिंगमध्ये एखादा अर्ज द्यायला, असं दिवसात चार वेळा होतं. गाडीवाला प्रत्येक वेळी तीच गाडी तशीच काढतो आणि तशीच लावतो. चालत जावं तर दुपारच्या उन्हात अंतर मोठं वाटतं. मी तर कित्येकदा नको ती कटकट म्हणून जयकरला जाणंच टाळलं आहे. संशोधन करणाऱ्याने पार्किंगच्या भीतीने ग्रंथालय टाळावं हे मला फार लागलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मेट्रोचं खडकी स्थानक सुरू झालं. त्याआधी मेट्रो बोपोडीहून सुटली की खडकीत न थांबता थेट शिवाजीनगरला. मग तिथून बसने गणेशखिंड रस्त्याने उलटं विद्यापीठात यायचं. तो प्रकार मी दोनदा करून सोडून दिला होता. आता खडकीला उतरता येतं आणि तिथून विद्यापीठाचं खडकी गेट दीड-दोन किलोमीटरवर आहे. चालायला बरं, पण रोज नाही. स्थानकाजवळ वडिलांच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, त्यांच्या दुकानामागच्या बोळात माझी सायकल रात्रभर उभी असते. सकाळी दुकानाचं शटर वर गेलेलं असतं, काकांना नमस्कार करायचा, साखळीला तेल आहे का बघायचं आणि निघायचं. दहा मिनिटांत गेटच्या आत.

सायकल साधी आहे, भावाची जुनी, गीअर नसलेली, पुढे टोपली. गीअरची घेऊ नका असं नाही म्हणत, पण बाहेर उभी राहणारी सायकल दिसायला जितकी जुनी तितकं बरं. तिची खरी किंमत आवारात कळते. कुठल्याही भिंतीला टेकवा, तीन मोटारसायकलींच्या मधल्या फटीत घाला, काढताना एका हाताने उचलून घ्या. तिला कुणी सरकवलं तरी हातभर. जयकरला आता मी दिवसातून दोनदा जातो. दुपारी अनिकेतहून परत येताना वडांच्या सावलीतून जावं म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्याने येतो. मेन बिल्डिंगचा मनोरा झाडांवरून दिसतो, गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम एके काळी याच इमारतीत असे. हेल्मेटच्या काचेतून मी हा मनोरा कितीतरी वर्षं पाहिला, पण त्याच्याकडे बघत-बघत जाता येतं हे या वर्षी कळलं.

सायकलीचा प्रयोग विद्यापीठाला नवा नाही, हेही सांगायला हवं. पुणे स्मार्ट सिटीने भाड्याच्या सायकली आणल्या त्या 2017च्या डिसेंबरात, औंध आणि विद्यापीठाच्या आवारातच. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, काम झालं की सोडून द्यायची. मी पहिल्याच वर्षाला होतो आणि आम्ही सगळे त्या मनापासून वापरत होतो. नंतर आणखी कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली झाल्या आणि पुढे त्या सगळ्याच हळूहळू दिसेनाशा झाल्या. माझं मत विचाराल तर या आवाराला सायकल शोभते हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. फक्त ती स्वतःची असावी, म्हणजे तिची हवा, ब्रेक आणि कुलूप कुणीतरी बघतं.

आता अडचणी, कारण त्या आहेत. एप्रिल-मेमध्ये घाम येतो. मी एक शर्ट डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवतो. जोराच्या पावसात सायकल त्रास देते. रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतात, रेनकोटची पँट साखळीत अडकते. दोन्ही चाकांना मडगार्ड हवेच, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ. अगदी मुसळधार असेल त्या दिवशी मी खडकीहून रिक्षाच करतो, आणि महिन्यात तसे चार-पाच दिवस धरून चालतो. रात्री मेट्रो अकरापर्यंत असते, त्याच्या पुढे तुमचं काम जात असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. खडकीपर्यंतचा रस्ता रात्री एकट्या मुलीला कसा वाटेल याबद्दल मी बोलू नये, तो ज्या रोज जातात त्यांना विचारावा. खडकी गेट किती वाजेपर्यंत उघडं असतं तेही आधी चौकशी करून घ्या. आणि सायकल ठेवायला ओळखीची जागा प्रत्येकाला मिळेल असं नाही. नसेल तर खडकीपासून चालत किंवा रिक्षाने या आणि सायकल डिपार्टमेंटपाशीच ठेवा. आवारातल्या आवारात तिचा उपयोग होतोच.

नुसत्या बसबद्दल मी फारसं लिहिलं नाही, कारण चौकात बस तुमच्या गाडीइतकीच अडकते. पण पास काढून ठेवायला हरकत नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिका विद्यापीठ चौकातूनच जाते, त्यामुळे बाणेर-बालेवाडीकडून येणाऱ्यांना तिचा मोठा आधार होईल. कासारवाडी-दापोडीच्या माणसाला मात्र खडकीच जवळ.

माझी दुचाकी अजून आहे. वडिलांना दवाखान्यात न्यायचं असेल त्या दिवशी मी ती घरूनच काढतो, विद्यापीठात नेत नाही. ती दारात उभी असते, म्हणून वेळेवर निघता येतं.

लातूरच्या मुलाला काल रात्री परत फोन केला. त्याला म्हटलं, वडिलांना सांग, स्कूटर दिवाळीपर्यंत गावीच राहू दे. तोवर तुझं वेळापत्रक कळेल, संध्याकाळी काम धरतोस का तेही ठरेल. खडकीच्या बाजारात जुनी सायकल मिळते का ते मी बघून ठेवतो. घ्यायच्या आधी मागचा ब्रेक आणि कॅरिअर नीट बघ, आणि कुलूप साखळीचं घे, नुसतं चाकाचं नको. रविवारी दहाला खडकी स्थानकावर ये, मी येतो, एकदा बरोबर जाऊ.