ओसाफुनेचे तलवार-संग्रहालय : जपानी शिकणाऱ्याने आवर्जून पाहावे असे ठिकाण

जपानमधील ओकायामा शहराशी पुणेकरांची ओळख जुनी आहे, कारण सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामाच्या कोराकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे. त्या ओढीने ओकायामाला गेलेले मराठी प्रवासी कोराकुएन आणि शेजारचा काळा किल्ला पाहून सहसा परत फिरतात. तेथून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर, सेतोउची शहराच्या हद्दीत, ओसाफुने हे गाव आहे आणि तेथील 'बिझेन ओसाफुने तोकेन हाकुबुत्सुकान' हे केवळ जपानी तलवारींना वाहिलेले संग्रहालय आहे. शस्त्रांचे शौकीन तेथे जातातच. मात्र माझी शिफारस आहे ती जपानी भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी, अनुवादकांसाठी आणि जपानी कंपन्यांबरोबर रोज काम करणाऱ्यांसाठी. ज्या वाक्प्रचारांचे अर्थ आपण परीक्षेसाठी मुकाट्याने पाठ करतो, त्यांतील कितीतरी येथे काचेच्या कपाटांत मांडून ठेवलेले आहेत.

योशीई नदीकाठचा हा भाग जुन्या बिझेन प्रांतात मोडतो. चुगोकू डोंगररांगांतून मिळणारी लोहवाळू, भट्टीसाठी मुबलक कोळसा आणि मालाची ने-आण करायला नदी, यांमुळे कामाकुरा काळापासून, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकापासून, येथे लोहारांची घराणी वाढली. मित्सुतादा, नागामित्सु, कागेमित्सु ही नावे तलवारींच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतात, आणि जपानने राष्ट्रीय संपत्ती म्हणून जाहीर केलेल्या तलवारींपैकी जवळपास निम्म्या बिझेनच्या आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नदीला आलेल्या महापुरांनी ही वस्ती उद्ध्वस्त केली आणि त्यातून ती पुन्हा पूर्वीच्या वैभवाला पोहोचली नाही. जवळच फुकुओका नावाचे खेडे आहे. क्युशू बेटावरील आजच्या मोठ्या फुकुओका शहराला कुरोदा सरदारांनी आपल्या पूर्वजांच्या या गावाचे नाव दिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

संग्रहालयाच्या दालनात शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती पाहणाऱ्यांच्या हालचालींची. माणसे कपाटासमोर उभी राहतात, मग गुडघे वाकवतात, मान तिरकी करतात, पुन्हा थोडी वर येतात. पात्यावर पडलेला प्रकाश विशिष्ट कोनातून डोळ्यांत आला तरच धारेलगतची पांढुरकी, लाटांसारखी रेघ दिसते. सरळ उभे राहून पाहिले तर नुसते चकचकीत पोलाद दिसते. या रेघेला 'हामोन' म्हणतात आणि घराण्यांची ओळख बऱ्याच अंशी तिच्यावरून पटते. तलवार ठेवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे: कमरेला टांगायची जुनी 'ताची' धार खाली करून ठेवतात, तर कमरबंदात खोवायची 'काताना' धार वर करून. संग्रहालयाचे सर्वांत गाजलेले पाते म्हणजे एकेकाळी उएसुगी या सरदार घराण्याकडे असलेली 'सान्चोमो' ही ताची. २०२० साली सेतोउची शहराने लोकांकडून देणग्या गोळा करून ती ५० कोटी येनांना विकत घेतली. ती कायम मांडलेली नसते, म्हणून केवळ तिच्यासाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

मला स्वतःला हामोनपेक्षाही मुठीच्या आत दडणारा भाग अधिक रोचक वाटला. पात्याचा हा शेपटासारखा भाग, 'नाकागो', येथे मूठ काढून उघडा ठेवतात. त्यावर छिन्नीने कोरलेली सही असते, 'बिझेन प्रांतातील ओसाफुनेचा रहिवासी अमुक' अशा धाटणीची, आणि त्याभोवती शतकानुशतकांचा काळपट गंज. हा गंज कोणीही घासून काढत नाही, कारण जाणकार पात्याचे वय ठरवताना त्याच्या रंगाचा आधार घेतात. तो काढला तर तलवारीची किंमत कोसळते. आता जपानीतील 'मी कारा देता साबी' ही म्हण आठवावी. शब्दशः 'अंगातूनच निघालेला गंज', अर्थ आपल्या 'करावे तसे भरावे'च्या जवळचा. यातील 'मी' म्हणजे माणसाचे शरीर, आणि म्यानातले पातेही. म्हणीत हा गंज मालकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरतो, तर त्याच तलवारीच्या दुसऱ्या टोकाचा गंज प्राणपणाने जपला जातो, ही गंमत पुस्तकातून कळण्यासारखी नाही.

पुढे तलवारीच्या साजाचे सुटे भाग पाहावेत आणि येथे खरोखर वेळ काढावा. पात्याच्या बाजूवरून धार आणि पाठ यांच्या मध्ये जी उंच कड धावते ती 'शिनोगी'. दोन तलवारी इतक्या जोराने घासतात की या कडा झिजून जाव्यात, त्यावरून 'शिनोगी ओ केझुरु' म्हणजे अटीतटीची स्पर्धा करणे. जपानी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर हा प्रयोग वारंवार भेटतो. मुठीच्या वर हात वाचवणारी जी चकती असते ती 'त्सुबा', आणि दोघांच्या चकत्या एकमेकींना भिडून कोणीच मागे हटत नाही अशी अवस्था म्हणजे 'त्सुबाझेरिआइ', जी निवडणुकीच्या आणि बेसबॉलच्या बातम्यांत सर्रास येते. या चकतीच्या दोन्ही अंगांना धातूचे पातळ पत्रे बसवलेले असतात, ते 'सेप्पा'. कामाची मुदत उद्यावर आली आणि सगळे मार्ग खुंटले की जपानी माणूस 'सेप्पा त्सुमारु' म्हणतो, म्हणजे हे पत्रे अडकून बसले आणि तलवार ना पुढे सरकते ना मागे. रोज हा शब्द मेलमध्ये लिहिणाऱ्या अनेकांनी सेप्पा कधी पाहिलेला नसतो; जपान्यांनीसुद्धा.

म्यानांच्या बाबतीत मराठीशी तुलना करण्याचा मोह टाळता येत नाही. आपल्याकडे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणजे आपले लक्ष सत्तेच्या झगड्याकडे आहे. जपानी भाषेचे लक्ष मापाकडे आहे. होनोकी या मऊ लाकडाचे म्यान एकाच विशिष्ट पात्यासाठी कोरलेले असते आणि प्रत्येक पात्याचा बाक, म्हणजे 'सोरी', निराळा असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या म्यानात ते बसत नाही. दोन सहकाऱ्यांचे जमत नसेल तर 'सोरी गा आवानाइ', म्हणजे बाक जुळत नाही, आणि भांडून वेगळे झालेले नवरा-बायको पुन्हा एकत्र आले तर ते 'मोतो नो साया नि ओसामारु', मूळच्या म्यानात परतले. परिसरात म्यान करणारे, पात्याला झिलई देणारे, मूठ बांधणारे असे निरनिराळे कारागीर काम करतात. सगळे रोज हजर असतात असे नाही, पण म्यानाच्या लाकडाचे दोन अर्धे भाग आतून कोरताना पाहिले की या दोन्ही वाक्प्रचारांचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

तथापि या भेटीचा कळस म्हणजे भट्टी. साधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येथे जुन्या पद्धतीच्या घडणीचे प्रात्यक्षिक असते. मुख्य लोहार ऐरणीपाशी बसतो, त्याच्या हातात छोटा हातोडा असतो. समोर उभे असलेले साथीदार लांब दांड्याचे जड घण डोक्यावरून फिरवून आळीपाळीने हाणतात. छोट्या हातोड्याच्या टोल्यावरून कोठे, किती जोराने आणि कधी थांबायचे हे साथीदारांना कळते. तोंडाने कोणी काही बोलत नाही. लोखंडावर गवताची राख आणि चिकणमातीचे पाणी ओतून ते पुन्हा भट्टीत जाते, बाहेर येते, आणि पहिल्या घावासरशी ठिणग्या पार प्रेक्षकांच्या दिशेने उडतात. या आळीपाळीच्या घावांचे नाव 'ऐझुची'. समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये 'हाइ', 'ए', 'नारुहोदो' म्हणत राहणे याला जपानीत 'ऐझुची ओ उत्सु' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत हुंकार देणे. आपल्याकडील अभियंते जपानी ग्राहकाशी फोनवर बोलताना त्याचे म्हणणे शांतपणे, मध्ये न बोलता ऐकून घेतात, कारण आपल्या संस्कारांत तीच सभ्यता आहे, आणि पलीकडचा माणूस घाबरून 'ऐकू येते आहे ना?' असे विचारतो. भट्टीसमोर उभे राहिल्यावर त्याची अडचण लक्षात येते: साथीदाराचा घण पडला नाही तर लोहाराने पुढचा घाव कशाच्या भरवशावर घालायचा? घाव चुकीच्या तालात पडले तर जो विस्कळीत आवाज होतो, त्याच्या अनुकरणातून 'तोन्चिनकान', म्हणजे असंबद्ध, हा शब्द आला असे सांगतात.

घडणीनंतर पात्यावर मातीचा लेप देऊन, ते तापवून पाण्यात बुडवतात. मराठीत यालाच 'पाणी देणे' म्हणतात आणि त्यातून आपल्याला 'पाणीदार' माणूस मिळाला. जपानीत मात्र हेच 'याकी ओ इरेरु' होऊन ढिल्या माणसाला चांगले फैलावर घेणे या अर्थाला पोहोचले. वरवर धार लावून वेळ मारून नेलेले पाते म्हणजे 'त्सुकेयाकिबा', परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. तलवारीचा बाकही याच क्षणी, पाण्यात पडताना, उमटतो, हे कळल्यावर 'सोरी गा आवानाइ'ला आणखी वजन येते.

इंग्रजीत बाहू आणि शस्त्र यांना 'आर्म' हा एकच शब्द चालतो. जपानीत 'उदे' (बाहू) आणि 'बुकी' (शस्त्र) यांचा काही संबंध नाही. या भट्टीत मात्र ते एकत्र आलेले दिसतात, कारण 'उदे' म्हणजे हात आणि 'उदे' म्हणजेच कसब. 'उदे गा ई' हा हात बसलेला कारागीर, 'उदे ओ मिगाकु' म्हणजे हाताला झिलई देणे, कसब वाढवणे. आणि 'उदे गा नारु' म्हणजे हात वाजू लागणे, ज्याला मराठीत बाहू स्फुरण पावणे असा सुंदर जोड आहे. उजवा हात, 'मिगि-उदे', दोन्ही भाषांत विश्वासू माणूसच आहे, आणि बाह्या सरसावण्यासाठी 'उदेमाकुरी' हा तंतोतंत शब्द आहे. तलवारीपासून बाजूला जाऊन सांगायचे तर माझा सर्वांत आवडता शब्द 'हिजिदेप्पो', कोपराची बंदूक. लगट करणाऱ्याला कोपराने ढकलून दिलेला स्पष्ट नकार.

मोठ्या शहरांतील पर्यटकांसाठीचे सामुराई-अनुभवाचे कार्यक्रम आणि हे ठिकाण यांची गल्लत करू नये. अशाच एका कार्यक्रमात मला भाड्याचा किमोनो, बोथट तलवार आणि छायाचित्र मिळाले. मार्गदर्शकाने प्रत्येक जपानी म्हण तलवारीतूनच आल्याचे ठासून सांगितले, 'मेनुकिदोरी' म्हणजे हमरस्ता हासुद्धा मुठीवरच्या 'मेनुकि' या नक्षीतून, जरी त्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचे एकमत नाही. ओसाफुनेचा भर वस्तूवर आणि कामावर आहे, आणि माहितीफलक पात्याविषयी बोलतात. म्हणून भाषेच्या अंगाने जाणाऱ्याने वाक्प्रचारांची यादी स्वतः तयार करून न्यावी. तिच्याशिवाय दालने तासाभरात संपतील, आणि यादी हातात असेल तर अर्धा दिवसही अपुरा पडेल.

आको मार्गावरील ओसाफुने स्थानकावरून टॅक्सीने काही मिनिटांत पोहोचता येते. चालत जायचे तर अर्ध्या तासाहून अधिक वेळ धरावा. सोमवारी संग्रहालय बंद असते. सान्चोमोचे प्रदर्शन आणि घडणीचा रविवार यांपैकी एकच साधणार असेल तर मी रविवार निवडेन, कारण पात्याची उत्तम छायाचित्रे कोठेही पाहता येतात. छोट्या चाकूची खरेदी केलीच तर तो परतीच्या विमानप्रवासात हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात द्यावा.