दात्याच्या टी पेशी: रेडिमेड, पण टिकाऊ?

लक्ष्मी रोडवर शिवूनही मिळतं आणि रेडिमेडही. कार-टी उपचारात, म्हणजे टी पेशी (शरीराचे रोगाशी लढणारे शिपाई) बदलून कॅन्सरवर सोडण्यात, मात्र पुण्यातल्या पेशंटला सध्या शिवूनच घ्यावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं भारतीय कार-टी, नेक्सकार-१९ घ्या, कापड पेशंटच्याच टी पेशींचं. त्या काढून, बदलून, वाढवून मिळेपर्यंत आठवडे जातात, आणि वेगाने वाढणारा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) तेवढा थांबत नाही. निरोगी दात्याच्या पेशींचा रेडिमेड प्रकार अजून चाचण्यांतच आहे. त्यातल्या यूकार्ट-१९चे २०२० साली आलेले आकडे पाहून हा अभिप्राय.

परक्या टी पेशी पेशंटच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटतात, म्हणून त्यांच्या मूळ रिसेप्टरचा (परकं ओळखणाऱ्या प्रथिनाचा) जीन निकामी केलेला असतो. हे काम चोख आहे: २१ जणांपैकी दोघांच्याच कातडीवर त्रास दिसला, तोही सौम्य. २८ दिवसांनी १४ जण रेमिशनमध्ये होते, म्हणजे तपासणीत ल्युकेमिया दिसत नव्हता.

खोट टिकण्यात आहे. पेशंटचं शरीर या पेशींना परकं म्हणून मारतं. ते रोखायला अलेम्टुझुमॅब देतात. हे औषध सीडी५२ हे प्रथिन असलेल्या पेशी मारतं, त्यात पेशंटच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशीही येतात. दात्याच्या पेशींतून सीडी५२ आधीच काढलेलं असल्याने त्या वाचतात. ज्या चौघांना ते दिलं नाही, त्यांच्यात पेशी वाढल्या नाहीत आणि गुणही आला नाही. दिलं तर जंतुसंसर्गाला मोकळं रान. एवढं करून गुण टिकण्याचा मध्यक ४.१ महिने, म्हणजे निम्म्यांचा त्याहून कमी टिकला! थोडक्यात, ही बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या दारापर्यंत सोडणारी रिक्षा. बोन मॅरोचा डोनर ठरलेला नसेल तर तिच्यात बसून उपयोग नाही.

टी पेशींचाच ल्युकेमिया असेल तर गणित वेगळं, कारण तिथे शिवायला धड कापडच नसतं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०२२ पासून बेस एडिटिंग केलेल्या दात्याच्या पेशी तपासल्या जात आहेत. यात डीएनएच्या दोन्ही साखळ्या न कापता एकेक अक्षर बदलतात, त्यामुळे गुणसूत्रांचे तुकडे भलतीकडे जुळण्याची भीती कमी. पहिल्या तिघांपैकी दोघांचं ट्रान्सप्लांट झालं, एक बुरशीच्या संसर्गाने दगावला.

पेशी देणं सोपं: गोठवलेल्या पेशी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच शिरेतून सोडायच्या. गोठवताना घातलेल्या डीएमएसओ या रसायनामुळे पेशंटच्या श्वासाला लसणीसारखा वास येतो, घाबरू नये. कसोटी पुढच्या दोन आठवड्यांची. यूकार्ट-१९च्या २१ पैकी १९ जणांना सायटोकाइनचा (पेशींनी सोडलेल्या दाहक रसायनांचा) भडका उडाला, म्हणजे ताप आणि घसरणारं बीपी. तो शमवणारं औषध टोसिलिझुमॅब: वजन ३० किलो किंवा जास्त असेल तर किलोमागे ८ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ८००. दोन डोस आधीच वॉर्डात हवेत. ‘मागवतो’ हे उत्तर चालत नाही. या पेशींचा मेंदूलाही त्रास होऊ शकतो, म्हणून मेंदूची तपासणी रोज १० गुणांची: साल, महिना, गाव, हॉस्पिटल, तीन वस्तूंची नावं, एक सूचना पाळणं, १०० पासून दहादहाने उलटे आकडे आणि एक वाक्य लिहिणं. वाक्य मराठीतच घ्यावं, रोज तेच, एकाखाली एक. शिरोरेघ वाकडी पडायला लागली की लगेच डॉक्टरांना दाखवावं.

पुण्यात कोणी ‘डोनर सेल’ देतो म्हणालं, तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि मराठी संमतिपत्र मागा. चाचणीमुळे इजा झाली तर औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार उपचार मोफत मिळायला हवेत. ती ओळ संमतिपत्रात सापडेपर्यंत सही करू नका.