घाटकोपरला घेतलेले 'सील पॅक' इअरबड्स आणि माझे साडेसहा हजार

मंडळी, हे लिहायला मला दोन महिने लागले कारण लाज वाटत होती. अकाउंट्समध्ये काम करते, रोज दुसऱ्यांची बिलं तपासून चुका काढते, आणि स्वतःच्या वेळेला साडेसहा हजारांची टोपी घालून घेतली. पण परवा शेजारच्या मुलाने पण असंच काहीतरी घ्यायचं ठरवलंय म्हणून विचारायला आला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

मी भांडुपला राहते, ऑफिस मरोळला. म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल आणि मग मेट्रो. लोकलमध्ये डोक्यावर तो पंखा, खाली मोटरची घरघर, बाजूला कुणीतरी स्पीकरवर रील्स लावून बसलेली, आणि हे सगळं सकाळी साडेआठला. ऑफिसला पोचेपर्यंत डोकं ठणकायचं. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली नॉइज कॅन्सलिंगवाले, म्हणजे बाहेरची घरघर मारणारे इअरबड्स घे, फरक पडतो. बघितलं तर चांगल्या कंपनीचे दुकानात वीस हजारांच्या वर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, वीस हजार कानात घालून गर्दीत लोंबकळणार? एक रुळावर पडला की दहा गेले. हिशोब बरोबर होता, काय बोलणार.

मग जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. त्याच कंपनीचे, तेच मॉडेल, सील पॅक, साडेसहा हजार, 'ऑफिसकडून गिफ्ट मिळालेत, माझ्याकडे आधीचे आहेत म्हणून देतोय, बिल आहे'. फोटोत मागे घरातला पडदा, निळा, त्यावर मोर. तो पडदा बघून उगाच बरं वाटलं, म्हटलं घरगुती माणूस आहे. मेसेज केला तर मराठीत उत्तर, ताई ताई करून. इथेच अर्धी फसले मी, आपला मराठी माणूस काय फसवणार, असं डोक्यात. (फसवणाऱ्याला भाषा असते होय?)

घाटकोपर मेट्रोच्या जिन्याखाली भेटलो, संध्याकाळी सातला, म्हणजे तिथे काय अवस्था असते ते तुम्हाला माहितीये. पंचविशीतला मुलगा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, कानात त्याचे स्वतःचे इअरबड्स. मी म्हटलं चालू करून दाखव, तर लगेच स्वतःच्या कानातले काढून दिले, ताई हे सेम मॉडेल आहे, माझं वापरातलं, घालून बघा, तुमचं सील मी कशाला फोडू, तुम्हीच घरी जाऊन फोडा. मी रुमालाने पुसून घातले. समोर बस उभी होती इंजिन चालू ठेवून, तिची घरघर एकदम गायब. म्हणजे कमी नाही, गेलीच. रिक्षावाले साकीनाका साकीनाका ओरडत होते ते मात्र लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. मी येडी झाले. पैसे युपीआयने दिले. क्यूआर कोड स्कॅन केला तर कुणा बाईचं नाव आलं, तो म्हणाला बहिणीचं खातं आहे, माझी लिमिट संपली. बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं, पीडीएफ. सात मिनिटांत सगळं आटपलं.

आता यातली चलाखी बघा. दाखवायचा पीस अस्सल, द्यायचा पीस नकली, आणि मध्ये 'सील'. आपल्याला वाटतं सील न फोडणं हा त्याचा प्रामाणिकपणा, पण सील होतं म्हणूनच मी माझा पीस तिथे तपासला नाही. प्लॅस्टिक गुंडाळून चिकटवायला काय लागतं हो, एक छोटं मशीन.

घरी येऊन उघडलं. डबा, केस, वायर, मॅन्युअल सगळं जिथल्या तिथे. फोनला जोडलं तर स्क्रीनवर फोटोसकट नाव आलं अगदी कंपनीचं. दांडीवर बोट दाबून धरलं की कानात बाई बोलायची 'नॉइज कॅन्सलिंग ऑन'. ती बोलायची म्हणजे चालू असणार ना? दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये घातले तर काहीतरी वेगळं वाटलं, पण नीट सांगता येईना. त्याला मेसेज केला. लगेच उत्तर, ताई नवीन आहेत ना, आठ-दहा दिवस रोज वापरा, कानाला सेट होतात. आणि मी वापरले! तीन आठवडे वापरले! ते आठ-दहा दिवस कशासाठी मागितले होते ते मला नंतर कळलं.

मजा म्हणजे मला ते आवडायला पण लागले होते. बाजूच्या बायकांच्या गप्पा बऱ्यापैकी कमी ऐकू यायच्या, रील्सवाल्यांचा चिरका आवाज कमी. पंख्याची आणि गाडीची घरघर तेवढी तशीच. मी स्वतःलाच समजावलं की लोकलच्या आवाजापुढे बिचारं मशीन तरी काय करणार.

इथेच खरी गोम आहे आणि ती मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे काय, तर बाहेरच्या बाजूला माईक असतो, तो बाहेरचा आवाज ऐकतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. हे जमतं ते एकसारख्या, खालच्या पट्टीतल्या आवाजाला, म्हणजे पंखा, एसी, इंजिन, मोटर. माणसाचं बोलणं, हॉर्न, भांडं पडल्याचा आवाज हे सारखे बदलत असतात, त्यांना ते तितकं जमत नाही. आणि कानात नुसतं रबराचं बूच कोंबलं तर होतं बरोबर उलटं, चिरके आवाज कमी होतात आणि घरघर आत येतच राहते. म्हणजे माझ्या साडेसहा हजारात मला जे मिळत होतं ते त्या सिलिकॉनच्या टिप्सचं काम होतं. कापसाचे बोळे घातले असते तरी चाललं असतं.

हे कळलं कसं, तर ती ऑफिसवाली मैत्रीण. एकदा मेट्रोत सोबत होतो, तिच्याकडे त्याच कंपनीचे, दुकानातून घेतलेले. म्हटलं दे गं बघू. घातले आणि डब्यातल्या एसीचा घूंऽऽ आवाज गेला, पुढच्या स्टेशनची अनाउन्समेंट मात्र ऐकू आली. कानावर एक हलका दाब आल्यासारखं वाटलं. आणि मला ती घाटकोपरची बस आठवली. पोटात खड्डा पडला अक्षरशः. माझे तिला दिले, तिने घातले, दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, अगं चालू तर कर. चालूच होते ते.

त्या दिवशी घरी जाऊन काय काय बघितलं ते सांगते. कंपनीचं जे ॲप आहे त्यात हे दिसेनातच (त्याने आधीच सांगून ठेवलेलं, ॲप टाकू नका, फोनची बॅटरी खातं). नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवलं की अस्सल इअरबड्सची बॅटरी लवकर उतरते, साधी गोष्ट आहे, चिप आणि माईक सतत काम करतात. माझी चालू-बंद दोन्हीला तेवढीच टिकायची, आणि मी म्हणायचे वा काय बॅटरी आहे. केस चार्जिंगला लावली की चांगली तापायची, आत लिथियमचा सेल आहे आणि तो कुणी कसा बनवलाय देव जाणे, त्या दिवसापासून चार्जिंगला लावलीच नाही. सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला तर तो मात्र बरोबर निघाला! मी दहा मिनिटं खूश. मग नीट बघितलं तर वॉरंटी कधीच संपलेली, माझा डबा तर 'नवीन सील पॅक'. सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने सांगितलं की एका खऱ्या पीसचा नंबर उचलतात आणि शेकडो डब्यांवर छापतात. त्याने माझे हातात घेतले, केसचं झाकण दोनदा उघडलं-मिटलं आणि परत दिले. मॅडम, हे आमचे नाहीत.

आणि आता ते बिल. हे लिहिताना अजून कान लाल होतात. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, हे मला झोपेत विचारलं तरी मी सांगेन. त्या बिलावरचा नंबर चौदा अक्षरी होता. ऑफिसात एखाद्या व्हेंडरने असं बिल दिलं असतं तर मी तोंडावर परत केलं असतं, आणि इथे पीडीएफ उघडून थंब्सअप पाठवला होता.

त्याचा नंबर तोपर्यंत बंद. १९३० ला फोन केला, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. तिथे पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? तीन आठवडे झाले म्हटल्यावर पलीकडची बाई एक सेकंद थांबली. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर बँकेत अडवून धरता येतात, जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत सरकत जातात, तरी तक्रार नोंदवा म्हणाली. नोंदवली. 'आठ-दहा दिवस वापरा' चा अर्थ हा होता मंडळी. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला पण विचारलं, तिथे समोरच्याचं नाव-पत्ता विचारला, माझ्याकडे काय होतं, एक बंद नंबर आणि मोराचा पडदा. पोलीस चौकीत अर्ज घेतला, पण एक साहेब म्हणाले, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला? आता त्यांना उलटी लाट कशी समजावू.

शेजारच्या त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की हातात जो पीस घरी नेणार तोच उघडून कानात घाल, आणि तो शांत ठिकाणी नको, इंजिन चालू असलेल्या बसजवळ किंवा एसीखाली उभा राहून. बटण दाबल्यावर घरघर गेली पाहिजे, नुसती बाई बोलून उपयोग नाही. विकणारा उघडू देत नसेल तर चालायला लाग. पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं आलं तर तिथेच थांब. आणि डब्यावर बीआयएसचा (म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा) इंग्रजी R ने सुरू होणारा नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघ, वायरलेस इअरफोनला ते रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, नंबर खोटा असेल किंवा भलत्याच वस्तूचा असेल तर तिथेच कळतं. तो खरा निघाला तरी कान लावून तपासायचं सोडू नको, माझा सीरियल नंबर पण खराच होता.

अजून एक, स्टेशनबाहेर हजार-बाराशेला मिळतात त्यांच्यावर पण मोठ्या अक्षरात नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक ईएनसी. ते वेगळं. त्याने तुमच्याशी फोनवर बोलणाऱ्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू जातो, तुमच्या कानाला काही नाही. तुम्हाला हवं ते एएनसी, म्हणजे वर सांगितलेलं उलट्या लाटेवालं. ते बाराशेवाले पण फोनवर बोलायला वाईट नाहीत म्हणा, निदान साडेसहा हजार तरी जात नाहीत.

आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही, तिला दोन हजार माहितीये आणि त्यावरच इतकं ऐकून घेतलंय. सध्या परत जुना वायरवाला हेडफोन. ती जाहिरात मी ॲपवर रिपोर्ट केली होती, दोन दिवसांत उडाली. गेल्या आठवड्यात परत दिसली, नाव वेगळं, जागा ठाणे, किंमत सहा हजार. पडदा तोच.