तिसरी गोळी की मेंदूची शस्त्रक्रिया?

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट्स येतच राहिल्या, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा वेळी बहुतेक घरांत तिसऱ्या गोळीचा मार्ग धरला जातो. तो सोपा वाटतो: अ‍ॅडमिट व्हायला नको, डोक्याला हात लावायला नको. पण तिसऱ्या औषधानं फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता फार थोडी असते, आणि गोळ्या वाढल्या की झोपाळूपणा, चिडचिडही वाढू शकते.

शस्त्रक्रियेचं नाव काढलं की आईवडील हादरतात, आणि का हादरू नयेत? तरी दिल्लीच्या एम्सचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेली ११६ मुलं होती. वर्षभरानं शस्त्रक्रिया झालेल्या गटातली ७७ टक्के फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरच्या गटातली ७ टक्के. काही मुलांच्या हातापायांत शस्त्रक्रियेनंतर अशक्तपणा आला, हेही खरं. शिवाय फिटचा उगम एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीवर (रुग्णाचं चित्रीकरण करत मेंदूतल्या विद्युत लहरींची घेतलेली नोंद) नेमका सापडावा लागतो. सगळ्यांचा सापडत नाही.

माझं मत विचाराल तर तिसरी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं जरूर सुरू करा, पण त्याच महिन्यात अपस्मार शस्त्रक्रिया केंद्रात तपासणीसाठी नावही नोंदवा. तपासणी म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे.