रत्नागिरीतलं पुस्तकांचं दुकान, आणि मावशीने वाचलेला हॅरी पॉटर

रत्नागिरी एसटी स्टँडपासून चालत पाचेक मिनिटांवर एक छोटं पुस्तकांचं दुकान आहे, पाटीवरचं नाव पावसाने पार पुसलंय पण कुणालाही विचारलं तर सांगतील. पाचपैकी पाच स्टार.

बहीण आणि भावोजी गेल्यापासून भाचा माझ्याकडेच आहे, आता दहा वर्षांचा झालाय. त्याला मराठीतलं 'हॅरी पॉटर आणि परीस' हवं होतं. मी घेणार तेवढ्यात बाजूच्या एक काकू म्हणाल्या, अहो त्यात मावशीच छळते त्या पोरक्या पोराला, ह्याला कशाला देताय. भाचा शेजारीच उभा. आपल्यात म्हणतात माय मरो पण मावशी जगो आणि ह्या गोष्टींमध्ये बघावं तर मावशीच वाईट, 'हायडी' कादंबरीतली डेटे मावशी पण नोकरी लागली म्हणून एवढ्याशा पोरीला डोंगरावर आजोबांकडे सोडून निघून जाते. मी पुस्तक खाली ठेवलं. दुकानवाले काका भाच्याला आत स्टुलावर बसवून कॉमिक्स देऊन आले आणि हळूच म्हणाले, आधी तुम्ही वाचा ताई, नको वाटलं तर आठ दिवसांत आणून द्या, पैसे परत.

दोन रात्रीत वाचून काढलं. हॅरीच्या मावशीच्या घरात चार बेडरूम, त्यातल्या दोन एकट्या तिच्या मुलाच्या, डडलीच्या, एक झोपायला आणि एक खेळणी ठेवायला, आणि हॅरी जिन्याखालच्या कपाटात! म्हणजे जागा नव्हती असं नाही, द्यायचीच नव्हती. मग हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं पत्र येतं त्यावर पत्ताच 'जिन्याखालचं कपाट' असा असतो, तेव्हा कुठे मावशी आणि तिचा नवरा घाबरून त्याला खोली देतात. बाहेर कुणाला तरी कळलंय म्हणून. हे मला इतकं खरं वाटलं की मी पुस्तक परत केलं नाही, भाच्याच्या हातात दिलं.

कपाटाचं वाचून तो आमच्या जिन्याखाली टॉर्च घेऊन गेला. तिथे नारळ आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या. इथे तर मांजर पण मावणार नाही मावशी, म्हणाला आणि परत वाचत बसला. जादूच्या आरशात हॅरीला आईबाबा दिसतात तो भाग मात्र किचनमध्ये येऊन मला मोठ्याने वाचून दाखवला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी थांबला नाही. बहीण गेल्यापासून आईबाबा हा शब्द त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला.

काकांनी आता 'अ लिटल प्रिन्सेस' काढून ठेवलंय, त्यातली शाळेची बाई वडील श्रीमंत आहेत तोवर सारा नावाच्या मुलीचे लाड करते आणि ते वारले, पैसा बुडाला की तिला माळ्यावर टाकून कामाला जुंपते. ते पण आधी मी वाचणार.

दुकान दुपारी एक ते चार बंद, रविवारी पूर्ण बंद. जीपे चालतं.