लिरिक्स उघडून की डोळे मिटून?

प्रश्न भाच्याचा. अकरावीत आहे, दिवाळीत हेडफोन मिळाल्यापासून हेवी मेटल संगीताच्या नादी लागलाय. "मामा, शब्द वाचत ऐकू की नुसतंच?" मी दोन्ही बरीच वर्षं करून बसलोय, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

गायक स्वच्छ गाणारा असेल तर निवडीला फारसा वाव नाही. ब्लॅक सॅबथ या बँडच्या 'वॉर पिग्ज'मधली युद्ध लावून देणाऱ्यांवरची चीड १९७० सालच्या त्या रेकॉर्डिंगमध्येही सरळ कानावर येते. आयर्न मेडनने १९८४ मध्ये कोलरिज या इंग्रज कवीच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवरून १३ मिनिटांहून मोठं गाणं केलं. तिथे गोष्टीकडे कानाडोळा करणं म्हणजे कीर्तनाला जाऊन नुसता मृदंग ऐकून परत येणं. तेही जमतं म्हणा, फक्त बुवांना सांगू नये.

पेच पडतो तो ग्राउलपाशी, म्हणजे घशातून गुरगुरत गाण्यापाशी.

वाचणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. मेटॅलिकाचं १९८८ चं 'वन' मी दोन-तीन वर्षं केवळ शेवटाकडच्या डबल बास ड्रमच्या मशीनगनसाठी ऐकत होतो. मग शब्द वाचले. भूसुरुंगाने हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं नेलेला एक सैनिक, स्वतःच्याच शरीरात कोंडलेला. त्या दिवसानंतर तो ड्रम मला पहिल्यासारखा ऐकू आलेला नाही. दुसरा फायदा व्यवहारातला. स्लेअरचं १९८६ चं 'एंजल ऑफ डेथ' ऑशवित्झ या नाझी छळछावणीतल्या मेंगेले या डॉक्टरवर आहे. आम्ही नाझींचे समर्थक नाही असं बँड सांगत आला, पण तो टी-शर्ट घालून नाशिकच्या कॉलेज रोडला चहा प्यायला जाणार असाल तर आधी वाचलेलं बरं. कुणीतरी विचारतंच.

आता न वाचण्याबद्दल. रामश्टाइन या जर्मन बँडच्या 'डू हास्ट'मध्ये (१९९७) गंमत अशी की जर्मनमध्ये 'तुझ्याकडे आहे' आणि 'तू द्वेष करतोस' हे दोन्ही कानाला एकच लागतं. गच्चीवर बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या आमच्या टोळक्याला याचा पत्ता नव्हता आणि कुणाचं काही अडलं नाही. आपण निम्मं बालपण आरतीत 'फणिवरबंधना'ऐवजी 'फळीवर वंदना' म्हणत काढलं, तरी मोदक मिळालेच. ऑबिच्युअरी या बँडच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमवर तर गायकाच्या घशातून निघणारे कित्येक आवाज शब्द नाहीतच. तिथे काय वाचणार? विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल कडाडला की 'अर्थ काय' असं अजून एकाही नाशिककराने विचारलेलं मी पाहिलं नाही.

माझा निकाल मात्र यातल्या कशानेच लागला नाही. लागला तो एका फालतू त्रासाने. डोळे कानापेक्षा उतावळे असतात. स्क्रीनवर ओळ आली की मी ती वाचून मोकळा, गायक अजून श्वास घेतोय. ब्रेकडाउनच्या, म्हणजे गाणं एकदम संथ आणि जड होतं त्या भागाच्या, आधी एक शांत जागा असते, पोटात गोळा आणणारी. तिथे मला पुढची ओळ आधीच पाठ! सिनेमात शेजारचा माणूस पुढचा डायलॉग कानात सांगतो ना, तसं, आणि तो शेजारी मीच. शिवाय डोळे शब्दांवर असले की कानही आवाजामागे जातो आणि बास गिटार कुठल्या कुठे राहते. निदान माझी तरी. दोन्ही सांभाळणारे लोक असतील.

हे लक्षात आलं तेसुद्धा योगायोगाने. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालो होतो. इगतपुरी सुटली, बोगदे सुरू झाले, नेट गेलं. अल्बम डाउनलोड केलेला होता, लिरिक्सचं पान मात्र उघडेना. चरफडत मोबाइल खिशात टाकला. तिसऱ्या गाण्यात गिटारखाली बास स्वतःची वेगळीच चाल चालत होता. हा अल्बम मी किमान पन्नासदा ऐकला असेल, ती चाल पहिल्यांदा ऐकली. कसारा येईपर्यंत डोळे मिटूनच होतो. समोरच्या पासवाल्या काकांना मी झोपलोय असं वाटलं असावं, त्यांनी माझ्या मांडीशेजारी डबा ठेवला.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. नवा अल्बम आधी दहा-बारा वेळा नुसता ऐकतो. त्यानंतरही एखादं गाणं डोक्यातून जात नसेल तर शब्द वाचतो, तेही गाणं बंद करून, पुस्तक वाचावं तसे. बऱ्याच गाण्यांवर ही वेळच येत नाही. काहींच्या बाबतीत नाही आली तेच बरं. डेथ मेटलच्या काही बँडचे शब्द मिसळ समोर असताना वाचू नयेत, एवढं अनुभवाने सांगतो. भाच्याला हीच रीत सुचवली. तुमचं वेगळं असू शकतं.

त्याची अडचण निराळीच निघाली. ताई रोज दारात उभी राहून विचारते, "काय म्हणतोय रे हा माणूस?" तिला काहीतरी सांगावं लागतं, म्हणून शब्द हवेत. आमच्या वेळी आई असलं काही विचारायची नाही. ती सरळ मेन स्विच बंद करायची.