पाच चौकटींची विभाजन पेटी आणि पत्र्याचे राणीद्वार : दोन वसंतांचा अनुभव

सोलापूर शहराबाहेर पुणे रस्त्याच्या बाजूला आमची डाळिंबाची बाग आहे. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरत असल्यामुळे परागीभवनासाठी मी बागेत मेलिफेरा या युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवतो. या पेट्यांसाठी गेल्या दोन वर्षांत शहरातील एका शेती साहित्याच्या दुकानातून दोन वस्तू घेतल्या. पहिल्या वर्षी पत्र्याचे राणीद्वार घेतले आणि दुसऱ्या वर्षी पाच चौकटींची (माश्या ज्यांत पोळे बांधतात त्या काढता येणाऱ्या चौकटी) लहान लाकडी पेटी घेतली, जिला विक्रेते विभाजन पेटी म्हणतात. वसंतात वसाहत फुटून अर्ध्याहून अधिक माश्या जुन्या राणीसह निघून जातात, त्याला आळा बसावा म्हणून या दोन्ही वस्तू विकल्या जातात. माझे मत आधीच सांगतो. राणीद्वाराच्या भरवशावर कोणीही राहू नये, आणि विभाजन पेटी मात्र काही दोष असूनही अवश्य घ्यावी.

राणीद्वार म्हणजे पेटीच्या तोंडाशी बसवायची, बारीक फटी असलेली पट्टी. कामकरी माशी त्या फटींतून ये-जा करते, पण अंडी घालणारी राणी जाडजूड असल्यामुळे आतच अडकते. "द्वार लावा मालक, राणी गेली नाही तर थवा कशाला जातोय," असे दुकानदाराने सांगितले आणि ते मला पटले. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या शेतातून हाक आली, "अण्णा, तुमच्या माश्या लिंबावर बसल्यात बघा." जाऊन पाहिले तर मोहोळ उठून लिंबाच्या फांदीला लोंबत होते आणि अर्ध्या तासात सगळ्या माश्या पेटीत परतल्या, कारण त्यांची राणी आतच होती. दुकानदाराचे म्हणणे खरे ठरल्याचे समाधान मला वाटले, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही हाच प्रकार घडला.

चौथ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा चौकटींच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी सात राणीघरे, म्हणजे नवी राणी वाढवण्याची मेणाची घरे, लटकलेली दिसली. त्यांपैकी एकाचे टोक झाकणासारखे गोल कापून नवी राणी बाहेर आली होती आणि जुनी राणी तळफळीवर मरून पडली होती. द्वाराच्या फटींत नर माश्या अडकून मेल्या होत्या, त्यामुळे हवाही नीट खेळत नव्हती. नव्या राणीला मीलनासाठी बाहेर उडणे भागच असते, म्हणून मी द्वार काढले, आणि दुसऱ्याच दिवशी थवा तिला घेऊन निघून गेला. उरलेल्या राणीघरांपैकी एकातून पुढे राणी मिळाली खरी, पण ऐन फुलोऱ्यात ती पेटी दुबळी राहिली.

हे लिहिताना दोष केवळ वस्तूला देत नाही. वसाहत फुटण्याची तयारी आत सुरू होते. राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालत असते, पिल्लांच्या चौकटी भरतात, कोवळ्या माश्यांची दाटी होते, राणीचा गंध सर्वांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही आणि कामकरी माश्या राणीघरे बांधू लागतात. करडई आणि डाळिंब एकाच वेळी फुललेले असताना आपल्या भागात ही वेळ माघ-फाल्गुनात येते. राणीघर आठव्या-नवव्या दिवशी बंद होते आणि साधारण त्याच सुमारास जुनी राणी थवा घेऊन निघते. म्हणूनच पेटी दर सात दिवसांनी तपासली पाहिजे, दहा दिवसांनी तपासून उपयोग नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मी तशी तपासणी केली, वेळेवर मधकोठी (मध साठवण्यासाठीचा वरचा कप्पा) चढवली, आणि तरीही एका पेटीत पांढऱ्या दुधट खाद्यात वळवळणारी अळी असलेले राणीघर सापडले, तेव्हा विभाजन पेटी कामी आली. जुनी राणी, पिल्लांच्या दोन चौकटी, मध-परागाची एक चौकट आणि मेणपत्र्याच्या (पोळे बांधायला आधार म्हणून लावलेल्या मेणाच्या पातळ पत्र्याच्या) दोन चौकटी लहान पेटीत हलवल्या. उडत्या माश्या जुन्या जागी परत जातात, म्हणून आणखी एका चौकटीवरच्या कोवळ्या माश्या त्यात झटकल्या. मोठ्या पेटीत एकच चांगले राणीघर ठेवून बाकीची मोडली. महिन्याभरात मोठ्या पेटीतील घरांच्या तळाशी उभी अंडी दिसली, म्हणजे नवी राणी मीलन करून आली होती. एकही थवा गेला नाही आणि चाराच्या पाच वसाहती झाल्या.

आता या पेटीचे दोष. चौकटीच्या वरच्या पट्टीपासून झाकणापर्यंतचे अंतर मोजले तर बारा मिलिमीटर भरले. अमेरिकी मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी 1852 साली पेटंट घेतलेली पेटी ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व म्हणजे सहा ते नऊ मिलिमीटरची मोकळी वाट. त्याहून जास्त जागा मिळाली की माश्या तेथे पोळे बांधतात, आणि माझ्याही झाकणाला ते चिकटले. सुताराकडून आतून पातळ फळी ठोकून घेतल्यावर ही अडचण मिटली. फळ्या पातळ आहेत आणि वरचा पत्रा सोलापूरच्या चैत्रातच हात लावू देत नाही. पिल्लांना सुमारे 35 अंश तापमान लागते आणि उन्हात मेणाची पोळी मऊ पडून ढासळतात, त्यामुळे पेटी दाट सावलीत ठेवून तिच्यावर ओले बारदान टाकणे मला क्रमप्राप्त झाले. पाय मात्र मजबूत आहेत आणि मुंग्यांसाठी खाली पाण्याच्या वाट्या सहज बसतात.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे, कारण ग्राहकांची यात गल्लत होते. एप्रिल-मेमध्ये फुलोरा संपून, पाणी तुटून किंवा मेणकिड्याच्या त्रासाने संपूर्ण वसाहत घर सोडून जाते, तो प्रकार वेगळा. त्यावर विभाजन पेटीचा काहीही उपाय चालत नाही. तेथे सावली, जवळ पाणी आणि साखरेचा पाकच लागतो.

पाच चौकटींच्या पेटीची किंमत दहा चौकटींच्या पेटीच्या निम्म्याहून कमी पडली. घेताना दुकानातच मोजपट्टी लावून वरचे अंतर पाहावे आणि आपल्या मोठ्या पेटीतील एक चौकट सोबत नेऊन ती आत नीट बसते का, हे तपासावे. राणीद्वार मी फेकलेले नाही. नुकताच पकडलेला थवा नव्या पेटीत घातल्यावर दोन-तीन दिवस ते लावतो आणि पोळे बांधायला सुरुवात झालेली दिसली की काढून ठेवतो. येत्या पौषापूर्वी आणखी दोन विभाजन पेट्या घेणार आहे, जाड फळीच्या, आणि झाकण आमच्याच सुताराकडून करून घेऊन.